कुवेतची व्यापारबंदी आणि इख्वानांचे बंड

हिजाझ व नज्द (आजच्या सौदी अरेबियाचा पश्चिम व मध्य भाग) यांचा राजा अब्दुल अझीझ इब्न सौद याच्याविरुद्ध त्याच्याच ‘इख्वान’ म्हणवणाऱ्या बेदुइन (भटक्या अरब) लढवय्यांनी १९२७ ते १९३० या काळात केलेल्या उठावाला ‘इख्वानांचे बंड’ म्हणतात. उठाव नज्दच्या वाळवंटात झाला असला, तरी त्याचा निकाल लावण्यात इराणच्या आखातातील ब्रिटिश मुत्सद्देगिरीचा आणि कुवेतच्या बाजारपेठेचा फार मोठा वाटा होता. बंडाच्या बहुतेक वर्णनांत सबिल्लाची लढाई आणि ब्रिटिश विमाने यांनाच प्राधान्य मिळते. बंडखोरांची रसद कशी तोडली गेली हा भाग मात्र दुर्लक्षित राहतो.

मुतैर, उतैबा, अजमान यांसारख्या भटक्या टोळ्यांना इब्न सौदने १९१२ च्या सुमारापासून ‘हिजरा’ नावाच्या वसाहतींत वसवून कडव्या धर्मशिक्षणाखाली आणले. मुतैरांचे अल-अर्ताविया आणि उतैबांचे अल-घतघत या त्यांतील प्रमुख वसाहती होत. या इख्वानांच्या बळावर त्याने हाइल व हिजाझ जिंकले. पुढे इराक, ट्रान्सजॉर्डन (आजचा जॉर्डन) आणि कुवेत या ब्रिटिश छत्राखालील प्रदेशांना लागलेल्या सीमा त्याने मान्य केल्या, तेव्हा ज्यांची उपजीविका आणि धर्मयुद्धाची कल्पना दोन्ही सीमेपलीकडच्या धाडींवर उभ्या होत्या, ते इख्वान त्याच्यावर उलटले. मुतैरांचा फैसल अल-दवीश, उतैबांचा सुलतान बिन बिजाद आणि अजमानांचा धैदान बिन हिथलैन हे त्यांचे पुढारी होते.

या सीमांचा उगम १९२२ च्या अखेरीस नज्दच्या ताब्यातील उकैर बंदरात भरलेल्या परिषदेत आहे. इराकमधील ब्रिटिश उच्चायुक्त सर पर्सी कॉक्स याने तेथे नकाशावर रेषा ओढून इराकला इब्न सौदचा दावा असलेला मोठा मुलूख दिला आणि त्याची भरपाई म्हणून कुवेतकडे मानला जाणारा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश इब्न सौदच्या पदरात टाकला. कुवेतचा शेख अहमद अल-जाबिर याचे मत कोणी विचारले नाही. १८९९ च्या करारान्वये त्याचे घराणे ब्रिटिशांच्या संमतीशिवाय परकीय सत्तेशी व्यवहार करू शकत नव्हते, आणि ज्यांच्यावर विसंबायचे त्यांनीच जमीन दुसऱ्याला दिली, ही सल कुवेतमध्ये दीर्घकाळ राहिली.

जमिनीपाठोपाठ व्यापारावर घाला आला. वर्षातून ठरावीक हंगामात वाळवंटातील टोळ्या उंटांचे तांडे घेऊन एखाद्या शहरात येत, तूप, लोकर आणि जनावरे विकत आणि पुढच्या हंगामापर्यंत पुरेल इतका तांदूळ, खजूर, कॉफी व कापड भरून नेत. या रिवाजाला ‘मुसाबला’ असे नाव होते. कुवेतमध्ये हा बाजार सफात चौकात भरे. तेथील तांदूळ, चहा व कापड बहुतांशी हिंदुस्थानातून येई, व्यवहार रुपयांत होई आणि कुवेतचे मोती विक्रीसाठी मुंबईला जात. नज्दच्या टोळ्यांच्या खरेदीवर जकात मिळत नाही, ही इब्न सौदची तक्रार होती. शेखाने आपल्या वतीने जकात गोळा करावी किंवा कुवेतमध्ये आपला अधिकारी बसू द्यावा, अशी मागणी त्याने केली. ती मान्य करणे म्हणजे आपल्याच शहरात दुसऱ्याची सत्ता मानणे, हे ओळखून शेखाने नकार दिला. तेव्हा इब्न सौदने आपल्या प्रजेला कुवेतच्या बाजारात जाण्यास मनाई केली. उकैर, कतीफ, जुबैल या स्वतःच्या बंदरांकडे व्यापार वळवणे हाही त्यामागे हेतू होता. १९२३ पासून ही बंदी सुरू झाली असे सामान्यतः मानतात.

बंडाची ठिणगी नोव्हेंबर १९२७ मध्ये दक्षिण इराकमधील बुसैया येथे पडली. सीमेजवळच्या विहिरींवर लष्करी ठाणी बांधायची नाहीत असे उकैरच्या करारात म्हटले होते. इराकने बुसैयाला ठाणे उभारले, ते सीमेपासून दूर असल्याने कराराची मनाई त्याला लागू होत नाही असे ब्रिटिशांचे म्हणणे पडले, आणि मुतैरांनी तेथील लोकांची कत्तल केली. १९२८ मध्ये ब्रिटिश विमानांनी नज्दमध्ये शिरून टोळ्यांवर बाँब टाकले. त्याच वर्षी ब्रिटिश दूत सर गिल्बर्ट क्लेटन याने जिद्दा येथे इब्न सौदशी दोनदा वाटाघाटी केल्या, पण ठाणी हटवण्यास ब्रिटिश तयार नसल्याने त्या निष्फळ ठरल्या. राजाची कोंडी झाली. ब्रिटिशांशी लढणे परवडणारे नव्हते आणि न लढल्यास टोळ्या हातातून जात होत्या. अखेर मार्च १९२९ मध्ये सबिल्ला येथे त्याने इख्वानांचा पराभव केला. बिन बिजाद कैदेत पडला आणि दवीश जबर जखमी झाला. मे महिन्यात धैदानची दगलबाजीने हत्या झाल्यावर अजमान पेटून उठले. सावरलेला दवीश त्यांना मिळाला आणि बंडखोर कुवेतच्या सीमेकडे सरकले.

येथून पुढे तलवारीपेक्षा तांदळाच्या पोत्याला महत्त्व आले. उन्हाळ्यात पाणी कुवेतच्या विहिरींवर होते आणि धान्य कुवेतच्या बाजारात. दोन्ही बंद करावे, असा आग्रह इब्न सौदने ब्रिटिशांकडे धरला, ब्रिटिशांनी तो मान्य केला आणि अंमलबजावणी शेखावर सोपवली. १९२० मध्ये जहरा येथे कुवेतवर चालून आलेला दवीश आता शेखाच्या आश्रयाची भाषा करत होता. त्याला जवळ केल्यास गेलेली गिऱ्हाइके आणि कदाचित गेलेली जमीनही परत मिळेल, हा मोह शेखाला नव्हता असे म्हणता येत नाही. कुवेतच्या प्रजेतील बेदुइनांचे बंडखोरांशी नातेसंबंध असल्याने चौकातून कोणता उंट कोणासाठी लादला जातो हे ओळखणेही अवघड होते. मे १९२९ मध्ये आलेला कुवेतमधील ब्रिटिश प्रतिनिधी, म्हणजे पोलिटिकल एजंट, हॅरल्ड डिक्सन शेखाची अडचण जाणून होता. तरीही बंडखोरांनी कुवेतची हद्द सोडावी, नाहीतर विमाने येतील, हा निरोप त्यालाच पोहोचवावा लागला.

ब्रिटिशांच्या धोरणातही एकसूत्रीपणा नव्हता. जिद्दाचा ब्रिटिश राजदूत परराष्ट्र खात्याचा, इराकचे प्रशासन वसाहत खात्याच्या देखरेखीखाली, तर कुवेतचा एजंट इराणमधील बुशहर येथे बसणाऱ्या, आखातातील वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी असलेल्या रेसिडेंटमार्फत हिंदुस्थान सरकारशी जोडलेला होता. ही रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. या खात्यांच्या ओढाताणीत ज्याच्याशी मैत्री मोडणे सर्वांत महाग, त्या इब्न सौदचे पारडे जड राहिले. कुवेतची बाजारपेठ सहा वर्षे बंद पाडणाऱ्या राजाच्या मदतीसाठी त्याच कुवेतने उरलासुरला बाजारही आवळावा, अशी ही विचित्र स्थिती होती, आणि मोबदल्यात बंदी उठवून घेण्याची अट ब्रिटिशांनी घातली नाही.

उपासमार, तहान आणि सौदी सैन्य यांच्यापुढे बंडखोर फार काळ टिकले नाहीत. ऑगस्टमध्ये दवीशचा मुलगा अब्दुल अझीझ उत्तरेकडच्या धाडीत मारला गेला. जानेवारी १९३० मध्ये दवीश कुवेतच्या हद्दीत शिरून ब्रिटिशांना शरण आला आणि त्याला ‘ल्युपिन’ या युद्धनौकेवर ठेवण्यात आले. रेसिडेंट सर ह्यू बिस्को याने इब्न सौदच्या छावणीत जाऊन बोलणी केली. पुढाऱ्यांना जीवदान मिळावे आणि इराक व कुवेतच्या लुटल्या गेलेल्या टोळ्यांना १०,००० पौंड भरपाई मिळावी, या अटींवर बंडखोर परत देण्यात आले. फेब्रुवारीत त्याच नौकेवर इब्न सौद आणि इराकचा राजा फैसल यांची भेट घडवण्यात आली. दवीश १९३१ मध्ये रियाधच्या तुरुंगात मरण पावला.

कुवेतवरची बंदी मात्र बंड संपल्यावरही चालूच राहिली. जागतिक मंदी आणि जपानच्या कृत्रिम मोत्यांनी मोत्यांचा धंदा बसलेला असताना तिचा फटका अधिकच तीव्र झाला. १९३७ च्या सुमारास ती सैल झाली. दोन्ही देशांमधील व्यापाराचा रीतसर करार १९४२ मध्ये झाला. त्याच्या चार वर्षे आधीच कुवेतमधील बुर्गान येथे तेल सापडलेले होते.