जुना पिकअप घरासाठी घेताय? आधी क्रू कॅब आणि एक्स्टेंडेड कॅब यांतला फरक समजून घ्या

जुन्या अमेरिकन पिकअपच्या जाहिरातीत ‘मागे सीट आहे, कुटुंबासाठी उत्तम’ असं लिहिलेलं असतं. त्या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या गाड्या असू शकतात: एक क्रू कॅब, दुसरी एक्स्टेंडेड कॅब. फोटोत दोन्हींची केबिन लांब दिसते, दोन्हींना मागच्या बाजूला खिडकी असते, आणि विकणारेही ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. मुलांना रोज शाळेत सोडायचं असेल, तर हा घोळ महागात पडतो.

फरक ओळखायचा तो दारांवरून. क्रू कॅबला चार पूर्ण दारं असतात आणि मागे पूर्ण रुंदीची, पुढे तोंड असलेली सीट. जुन्या एक्स्टेंडेड कॅबला दोनच दारं. पुढच्या सीटमागे केबिन दीड-दोन फूट वाढवलेली. मागे बसायचं तर पुढच्या सीटची पाठ वाकवून आत शिरावं लागतं. पुढे 1990 च्या दशकात तिला तिसरं दार आलं, आणि 1998 च्या डॉज रॅम क्वाड कॅबला मागे दोन्ही बाजूंना उलटी उघडणारी छोटी दारं मिळाली. तीही पुढचं दार उघडल्याशिवाय उघडत नाहीत.

खरा गैरसमज मात्र दारांचा नाहीच. आजचा क्रू कॅब म्हणजे घरातली मोठी, मऊ चालणारी गाडी, आणि हेच चित्र मनात ठेवून लोक 1975 चा क्रू कॅब बघायला जातात. त्या काळी ‘क्रू’ म्हणजे कामगारांची टोळीच होती. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने 1957 मध्ये ट्रॅव्हलेट हा क्रू कॅब आणला, तोही सुरुवातीला तीन दारांचा. चौथं दार 1961 मध्ये आलं. अशा गाड्या माणसं आणि हत्यारं एकत्र कामाच्या जागी पोचवण्यासाठी होत्या. म्हणून त्या जड चॅसीवर बांधल्या जात. जनरल मोटर्सने (जीएम) 1973 पासून शेव्हरोले आणि जीएमसीचा क्रू कॅब दिला तो पाऊण टन आणि एक टन या जास्त वजन वाहणाऱ्या वर्गांत, साध्या अर्ध्या टनाच्या गाडीवर नाही. फोर्डच्या अर्ध्या टनाच्या एफ-150 ला सुपरक्रू ही चार पूर्ण दारांची केबिन मिळायला 2001 चं मॉडेल उजाडावं लागलं.

याचा अर्थ रोजच्या वापरात काय होतो ते बघा. मागचे कमानपाटे भरलेल्या हौद्यासाठी, म्हणजे मागच्या सामानाच्या उघड्या भागासाठी बनवलेले, त्यामुळे हौदा रिकामा असला की प्रत्येक खड्डा मागच्या सीटवरच्या मुलाला जाणवतो. इंजिन मोठं, गाडी जड, पेट्रोल भरपूर. आणि लांबी! 1973 नंतरच्या जीएमच्या क्रू कॅबचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 164.5 इंच आहे. त्याच पिढीतल्या आखूड हौद्याच्या साध्या पिकअपचा 117.5. आठ फुटी हौद्यासकट ही गाडी वीस फुटांच्या वर जाते. घराच्या गॅरेजची खोली आधी टेपने मोजा, मग गाडी बघायला निघा. शाळेसमोरच्या अरुंद रस्त्यावर ती एका दमात वळणार नाही, हेही धरून चाला.

एक्स्टेंडेड कॅबची गोष्ट याच्या उलट आहे. डॉजचा क्लब कॅब 1973 मध्ये आला, फोर्डचा सुपरकॅब 1974 मध्ये, डॅट्सनचा किंग कॅब 1977 मध्ये. जीएम थेट 1988 पर्यंत थांबली. या केबिन हलक्या वर्गातल्या गाड्यांवरही मिळत, त्यामुळे चालवायला आणि बसायला त्या बऱ्याच सुखाच्या. फोर्डच्या 1980 ते 1996 च्या एफ-150 सुपरकॅबचा आखूड व्हीलबेस 138.8 इंच आहे. लांबच, पण रोज वापरता येईल असा. अडचण आहे ती मागे बसणाऱ्यांची. क्लब कॅबमध्ये मागे भिंतीला लावलेल्या घडीच्या जंप सीट असत, त्याही एकमेकींकडे तोंड केलेल्या. सुपरकॅबमध्ये तशा सीट किंवा पुढे तोंड असलेला बाक, यांतलं एक निवडता येई. म्हणजे एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत मागे अगदी वेगळी व्यवस्था असू शकते. माझं मत इथे ठाम आहे: आडव्या तोंडाच्या जंप सीटवर मूल बसवू नये. चाइल्ड सीट तशा जागी बसवायचीच नसते, आणि धडक झाली तर शरीर बाजूला फेकलं जातं. ती जागा सामानाची समजा.

क्रू कॅबमध्येही असाच एक सापळा आहे. 1973 च्या जीएम क्रू कॅबचे दोन प्रकार होते: सहा माणसांचा ‘थ्री प्लस थ्री’, आणि मागची सीट नसलेला ‘बोनस कॅब’. चार दारं दोन्हींना. बोनस कॅबमध्ये नंतर कोणी सीट बसवली असेल, तर ती आणि तिचे पट्टे कशाला बोल्ट केले आहेत ते गाडीखाली वाकून बघा. नुसत्या जमिनीच्या पत्र्यात घातलेला बोल्ट धडकेत टिकत नाही.

आता पट्ट्यांकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने निवड इथेच ठरते. अमेरिकेत हलक्या ट्रकच्या मागच्या कडेच्या सीटना खांद्यावरून जाणारा पट्टा सक्तीचा झाला तो सप्टेंबर 1991 पासून. त्याआधीची गाडी, मग ती क्रू असो वा एक्स्टेंडेड, मागे फक्त कमरेचा पट्टा असलेली निघण्याची शक्यता मोठी. स्वतःचे पट्टे असलेली चाइल्ड सीट कमरेच्या पट्ट्याने बांधता येते. बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवणारी बैठक, मात्र कमरेच्या पट्ट्यावर कधीच वापरायचा नाही. त्याला खांद्याचा पट्टा लागतोच. म्हणजे दोन वर्षांचं मूल या गाडीत नीट बसेल, पण सहा-सात वर्षांचं बसणार नाही. खरेदी करताना हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण सगळी काळजी तान्ह्या बाळाची असते.

चाइल्ड सीट अडकवायचे खालचे तयार हूक अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांत आले ते 2002 मध्ये. जुन्या पिकअपमध्ये ते नसतात, आणि पुढे तोंड असलेल्या सीटचा वरचा पट्टा अडकवायलाही जागा नसते. जुन्या पट्ट्यांची गुंडाळी चाइल्ड सीट आवळल्यावर घट्ट धरून ठेवतेच असं नाही, त्यासाठी पट्टा सैल होऊ न देणारी वेगळी लॉकिंग क्लिप लागते. तीन बिंदूंचा पट्टा नव्याने बसवून घेता येतो, पण केबिनच्या खांबाला आतून जाड पट्टी देऊन, हे काम जाणणाऱ्या माणसाकडून.

मागे तोंड करून बसणाऱ्या तान्ह्याची सीट एक्स्टेंडेड कॅबच्या मागच्या बाकावर बहुधा मावतच नाही. ती पुढच्या सीटच्या पाठीला टेकते आणि चालवणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. क्रू कॅबमध्ये ती मावते, आणि दार पूर्ण उघडत असल्याने पाठ न मोडता बाळ आत ठेवता येतं. लहान मुलं असतील, तर क्रू कॅबचा लांबपणा आणि दणके सोसूनही मी तोच सुचवेन. मूल एकच, तेही मोठं, आणि मागे कधीमधीच बसणारं असेल, तर 1990 च्या दशकातला पुढे तोंड असलेल्या बाकाचा, मागे खांद्याचे पट्टे असलेला एक्स्टेंडेड कॅब जास्त उपयोगी. हौद्याची गरजच नसेल, तर त्याच काळातली सबर्बन बघा: पिकअपच्याच घराण्यातली, पण सगळी जागा छपराखाली.

टाकी कुठे आहे तेही विचारा. जीएमच्या 1972 पर्यंतच्या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असे. 1973 ते 1987 च्या पिढीत ती चॅसीच्या बाहेरच्या अंगाला गेली, आणि बाजूने धडक बसल्यावर लागणाऱ्या आगींमुळे सरकारी चौकशी झाली; ती 1994 मध्ये तडजोडीने मिटली. 1988 च्या नव्या बांधणीत टाकी चॅसीच्या दोन दांड्यांच्या आत आली. हे ऐकून जुनी गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही, पण मुलं मागे बसणार असतील तर हे माहीत असलंच पाहिजे.

हौद्यात मुलं बसवायची नाहीत, हौद्यावर छपरासारखं टोपण बसवलेलं असलं तरी नाही. बंद टोपणाखाली धुराड्याचा वायू साठतो, आणि केबिनची मागची सरकती काच उघडी असेल तर तो आतही येतो. सायलेन्सरचा पाइप गंजलेला असला की धोका वाढतो.

गंज दोन्हींत बघायचा तो केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी आणि केबिन जिथे चॅसीवर टेकते ते आधार. बॉनेट, दिवे, पुढचे पत्रे साध्या पिकअपसारखेच असल्याने मिळतात. मागच्या केबिनचे खास भाग, म्हणजे मागची दारं, बाजूच्या काचा, त्यांचं रबर, शोधायला वेळ लागतो. काच फुटलेली असेल तर ती मिळते का ते गाडी घेण्याआधीच विचारून ठेवा.

अमेरिकेत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला अनेक राज्यांत ‘अँटीक’ नंबर प्लेट मिळते आणि खर्च वाचतो, पण तिच्यावर बहुधा रोजच्या ये-जा करण्याला बंदी असते. संग्राहकांसाठीच्या विम्याचंही तसंच. शाळा, बाजार, दवाखाना यासाठी गाडी वापरणार असाल, तर साधी प्लेट आणि साधा विमा घ्या. आणि गाडी बघायला जाताना स्वतःची चाइल्ड सीट सोबत न्या: ती मागे बांधा, पुढची सीट तुमच्या उंचीला सरकवा, आणि दार बंद होतं का ते बघा.