मनगटावरचा ईसीजी: २०१८ मध्ये परवानगी नेमकी कशाला मिळाली?

स्मार्टवॉचमध्ये दोन निराळी तंत्रं एकाच डबीत बसवलेली असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मागचे हिरवे दिवे कातडीखालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपतात. हे तंत्र १९३० च्या दशकातलं. ईसीजी हृदयातली वीज मोजतो आणि तो त्याहूनही जुना. १९८० च्या दशकात फिनलंडमधून आलेला छातीचा पट्टा वीजच मोजतो, म्हणून सरावाचे धावपटू अजून तो सोडत नाहीत.

हिरव्या दिव्याला ठोका कळत नाही, नाडी कळते. वेळेआधी पडलेल्या ठोक्यात हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे त्याची लाट मनगटापर्यंत पोचेलच असं नाही. दर दुसरा ठोका असा असेल तर ईसीजीवर ८० असताना घड्याळ ४० दाखवू शकतं आणि माणूस उगाच घाबरतो. पळताना उलटी गंमत होते. मिनिटाला १६० पावलं पडत असली की आकडाही १६० ला चिकटतो, कारण घड्याळ पावलांचा धक्काच नाडी समजून मोजत असतं. थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि मनगटावरचं गोंदण यांनीही आकडा बिघडतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतपत घट्ट बांधलं तर बराच फरक पडतो.

खरा वाद मात्र ११ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाचा. त्या तारखेला वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी नियामकाने एका बड्या कंपनीच्या घड्याळातल्या दोन सोयींना हिरवा कंदील दाखवला, ३० सेकंदांचा ईसीजी आणि अनियमित नाडीची सूचना. दुसऱ्याच दिवशी घड्याळ मंचावर आलं. मनगटावरचा हा पहिला ईसीजी नव्हताच; २०१७ च्या अखेरीस एका छोट्या कंपनीच्या घड्याळाच्या पट्ट्याला परवानगी मिळाली होती. पण गाजावाजा झाला तो याचाच.

ही परवानगी फार अरुंद होती. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) आहे की सायनस ऱ्हिदम (हृदयाची नेहमीची लय), एवढाच प्रश्न, आणि तोही २२ वर्षांवरच्यांसाठी. ज्यांना हे निदान आधीच झालंय, त्यांच्यासाठी नाडीची सूचना नव्हतीच. सुरुवातीला ठोके ५० च्या खाली किंवा १२० च्या वर गेले की ईसीजी ‘इनकन्क्लुझिव्ह’ (निष्कर्ष नाही) म्हणून हात वर करी. म्हणजे धडधड जोरात असते, नेमकं तेव्हाच! सुमारे ६०० जणांवरच्या चाचणीतली ९८.३ टक्के संवेदनशीलता (म्हणजे खरोखर फिब्रिलेशन असलेल्यांपैकी किती पकडले) जाहिरातीत झळकली. पण ज्या नोंदींचं वर्गीकरण जमलं, त्यांच्यापुरतीच ती होती. साधारण १२ टक्के नोंदींचं जमलंच नव्हतं. ही तळटीप कितीजणांनी वाचली असेल?

याच घड्याळाच्या नाडी-सूचनेवरच्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासाने चित्र थोडं स्पष्ट केलं. ४ लाख १९ हजारांहून अधिक लोकांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्क्यांना सूचना आली. छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच त्यांना टपालाने पाठवला गेला. तपासण्याजोगे ४५० पॅच परत आले आणि त्यांतल्या ३४ टक्क्यांत फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्यांना आजार नव्हता असं यातून सिद्ध होत नाही. तो येऊन-जाऊन असतो आणि पॅच सूचनेनंतर काही दिवसांनी लागला होता. पण सहभागींपैकी निम्म्याहून अधिक चाळिशीच्या आतले होते, आणि या वयात हा आजार मुळात विरळ. तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. तरीही निकाल ‘घड्याळाने जीव वाचवले’ या सुरातच पसरला, हे खटकतं.

भारतात ईसीजीची सोय सप्टेंबर २०१९ मध्ये आली आणि सोबत गैरसमजही आले. सगळ्यांत घातक म्हणजे घड्याळ हार्ट अटॅक ओळखतं ही समजूत. इस्पितळातला ईसीजी १० इलेक्ट्रोड लावून १२ लीडमधून, म्हणजे १२ कोनांतून, हृदय पाहतो. घड्याळाकडे एकच लीड, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत. हृदयाच्या पुढच्या भिंतीवर नजर ठेवणाऱ्या छातीच्या लीड तिथे नाहीतच. छातीत कळ, घाम, जबड्यात दुखणं असेल तर स्क्रीनवर ‘सायनस’ उमटलं तरी १०८ लावायचा.

धडधड जाणवत असतानाच बसून, दोन्ही हात टेबलावर टेकवून, न बोलता ३० सेकंदांची नोंद घ्यावी आणि तिची पीडीएफ डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टर वरचं लेबल वाचत नाहीत, खालची रेघ वाचतात.