फेसाळ कॉफी, दूध-साखरेविना

फेसाळ कॉफी, दूध-साखरेविना : गायी-म्हशीचे दूध आणि साखर न वापरता, कर्बोदके कमी राखून घरी केलेली फेसाची कॉफी. नाशिकच्या घरांत फेसाची कॉफी म्हणजे वाटीत साखर-कॉफी फेटून वर कढत दूध ओतलेली. नाहीतर लग्नाच्या मांडवातली, वाफेच्या यंत्राची. दोन्हींत फेस दुधाच्या जिवावर असतो, आणि फेटलेल्या कॉफीत साखरेच्याही. १५० मिलि. दुधात सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते, दोन चमचे साखरेत आणखी ८ ते १० ग्रॅम कर्बोदके. मधुमेहामुळे किंवा दूध पचत नाही म्हणून ही दोन्ही वगळली, तर चव जमवता येते. फेस मात्र बसतो.

फेस म्हणजे द्रवात अडकवलेली हवा. प्रथिने प्रत्येक बुडबुड्याभोवती पापुद्रा धरतात आणि साखर द्रव दाट करून तो लवकर ओघळू देत नाही. म्हणून पर्यायी दूध निवडताना आधी प्रथिने पाहावीत, दाटपणा नंतर.

या कसोटीवर सोयाबीनचे दूध सर्वांत सरस. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, चोळून साले काढावीत, ८०० मिलि. पाण्यात वाटून मलमलीतून गाळावे आणि तळाला लागू न देता १५ ते २० मिनिटे उकळावे. तापताच हे दूध फेसाळून वर येते आणि शिजले असे वाटते. ते शिजलेले नसते. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांच्या पचनाला अडवतात. उकळी पूर्ण वेळ दिली तरच त्यांचा जोर मोडतो, हिरवट वासही कमी होतो. पातेले निम्मेच भरावे.

सोयाबीनच्या दुधाची एकच मोठी खोड : कॉफीत ते फाटते. कॉफी आम्लधर्मी, त्यात कढत. या दोन्हींनी प्रथिने गोळा होतात. कपात आधी गरम दूध घ्यावे, कॉफी दोन मिनिटे निवू द्यावी आणि बारीक धारेने दुधात सोडावी. गडद भाजलेली पूड कमी आंबट असते. तरीही फाटले, तर तांदळाच्या दाण्याएवढा खाण्याचा सोडा पुरतो. सोसायटीत बोअरचे जड पाणी येत असेल, तर त्यातील कॅल्शियमही दूध फाडायला मदत करते. दूध वाटताना आणि कॉफी करताना पिण्याचे फिल्टरचे पाणी घ्यावे.

बदामाचे दूध (५० ग्रॅम भिजवून सोललेले बदाम, ४०० मिलि. पाणी) चवीला उत्तम, फेसाला दुबळे. निम्मे सोयाबीनचे दूध मिसळले की काम होते. काजूचे दूध दाट असले तरी त्यात पिष्ट अधिक. ओट आणि तांदळाचे दूध कर्बोदकांमुळे येथे बादच. नारळाचे दाट दूध स्निग्धतेवर चालते. दोन मोठे चमचे गरम कॉफीत घालून मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवले, की वर पातळ, मऊ थर येतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत नाशिकला ओट्यावर ठेवलेल्या नारळाच्या दुधातही गुठळ्या दिसतात. ते नासलेले नसते. कोमट पाण्यात भांडे ठेवून ढवळावे. मिक्सरचे भांडे मात्र गरम द्रवाने अर्ध्याहून जास्त भरू नये. वाफेच्या दाबाने झाकण उडते आणि हात भाजतो.

फेस काढताना दूध ६० ते ६५ अंशांवर असावे, म्हणजे भांड्याला बोट दोन-तीन सेकंदच टेकवता येईल इतके. उंच, अरुंद पेला एक तृतीयांश भरावा. सेलवर चालणारी रवी आधी पृष्ठभागालगत २० सेकंद धरून हवा ओढून घ्यावी, मग खाली नेऊन आणखी २० सेकंद मोठे बुडबुडे फोडावेत. पेला ओट्यावर हलकेच आपटावा. लाकडी रवीने फेस येतो, पण जाडाभरडा. भांड्याला तुपाचा नुसता हात लागलेला असला, तरी फेस उभा राहत नाही.

साखरेविना फेटलेली कॉफी फक्त इन्स्टंट पुडीची होते. फिल्टर कॉफीची पूड विरघळत नाही आणि तिचे तेल फेस मोडते. कॉफी, दळलेले एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा दाणेदार गोड पदार्थ) आणि गरम पाणी प्रत्येकी दोन चमचे घेऊन विजेच्या बीटरने तीन-चार मिनिटे फेटावे. एरिथ्रिटॉल साखरेपेक्षा कमी गोड, आणि निवल्यावर त्याचे कण जिभेला लागतात, म्हणून हा फेस लगेच प्यावा. स्टीव्हियाचे (गोड पानांच्या वनस्पतीच्या अर्काचे) थेंब गोडी देतात, दाटपणा नाही. त्याच्या पुड्यांत अनेकदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे कर्बोदकच, भर म्हणून असते. कॉफीच्या वेष्टनावरचे चिकोरीचे (कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या भाजलेल्या मुळांच्या पुडीचे) प्रमाणही वाचावे. भारतात मिश्र पुडीत चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते आणि तिचीही थोडी कर्बोदके हिशेबात येतात.

सोयाबीन आणि बदामाचे दूध फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, नारळाचे त्याच दिवशी संपवावे. एप्रिल-मे महिन्यांत ही दुधे ओट्यावर काही तासांतच आंबतात. बदामाचा साका तळाशी बसतो. वापरण्याआधी बाटली हलवावी.