शिंकांची शिरगणती

फ्लूची साथ आली की पहिला प्रश्न ठरलेला: देशभरात किती जणांना झाला? याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. तापाने फणफणलेले बरेच जण घरीच पडून राहतात. दवाखान्यात पोचलेल्यांपैकी थोड्यांच्याच घशातला स्राव प्रयोगशाळेत जातो. काहींना तर लागण होऊन गेल्याचा पत्ताही नसतो. त्यातून, समजा काल २५० रुग्ण सापडले आणि आज ५००, तर वाढलं काय? साथ, की घाबरून तपासणीला लागलेल्या रांगा?

म्हणून साथरोगतज्ज्ञ सगळ्यांना मोजायच्या भानगडीत पडत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करतात, फक्त शीत उचलायची पद्धत वर्षानुवर्षं बदलत नाहीत. देशभरातले काही दवाखाने आणि रुग्णालयं कायमची ठरवून ठेवायची. बाह्यरुग्ण विभागात कुणाचे नमुने घ्यायचे, तेही पक्कं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या अशी: ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांतला. मग दर आठवड्याला पाहायचं, की १०० नमुन्यांत विषाणू कितींमध्ये सापडला. हे प्रमाण ५ वरून २० वर गेलं, तर साथ खरंच वाढते आहे असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं. काम कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद त्या कंटाळवाणेपणातच आहे.

झटपट मार्गही शोधले गेले. गूगलने २००८ मध्ये लोक काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज बांधायला सुरुवात केली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतला हा अंदाज सरकारी आकड्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. बातम्या वाचून धडधाकट माणसंही फ्लूची लक्षणं शोधत बसली असावीत! सांडपाण्याने मात्र चांगली साथ दिली. कोरोनाचे अंश विष्ठेतून बाहेर पडतात, त्यामुळे आजारी माणूस दवाखान्यात गेला नाही तरी त्याची खबर गटारातून मिळते.

हे सगळं कशासाठी, तर लशीसाठी. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो आणि लस तयार व्हायला साधारण सहा महिने लागतात. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांचं १९५२ पासून चालत आलेलं जाळं नमुने तपासत राहतं, आणि वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, पुढच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे याची शिफारस होते.

या जाळ्याला एक विलक्षण गोष्टही कळली. चार विषाणूंविरुद्धच्या फ्लू-लशीत ‘बी/यामागाता’ नावाचा एक विषाणू असे. मार्च २०२० नंतर, म्हणजे मास्क आणि टाळेबंदीच्या काळापासून, तो निसर्गात खात्रीने कुठेच सापडलेला नाही. तपासणी थांबवली असती तरी आकडा शून्यच आला असता, पण त्या शून्यावर कुणी लस बदलली नसती. इथे नमुने येत राहिले, फ्लूचे बाकीचे प्रकार पुन्हा सापडू लागले, यामागाता मात्र नाही. तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहून सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला लशीतून वगळण्याचा सल्ला दिला गेला.