वजनकाटा काय सांगतो आणि टेप काय सांगते

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी बीएमआयचा तक्ता टाकतं आणि मग सुरू, "माझा २२, एकदम नॉर्मल!" आणि खाली अंगठ्यांची रांग. मी आता वैतागलोय. बीएमआय नॉर्मल असणं आणि लठ्ठपणा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बीएमआय सगळ्यांना माहितीये, किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १९व्या शतकातल्या क्वेतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचं हे सूत्र, त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव मात्र १९७२ मध्ये मिळालं. जगभर २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठ, आपल्या भारतीयांसाठी तेच २३ आणि २५. एवढं पुरे.

आता खरी गोची. काट्याला फक्त वजन कळतं, ते हाडाचं, स्नायूचं की चरबीचं हे त्याला कळत नाही, आणि चरबी मांडीवर आहे की पोटात हे तर अजिबातच नाही. याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सेम, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर यडकिन साहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला, आडनावांच्या आद्याक्षरांवरून 'वाय-वाय पॅराडॉक्स' या नावाने.

आणि हे वडापाव खाऊन झालेलं नाही बरं का, म्हणजे नुसतं त्यानेच नाही. याज्ञिक सरांच्याच टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ च्या आसपास. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे 'बारीक पण चरबीवाला' हा प्रकार जन्मापासूनच. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात, ते मुळात कमी, त्यात पोटातली चरबी लिव्हरपाशी साठून इन्सुलिनचं काम बिघडवते, म्हणून फाटक्या अंगाच्या माणसालाही डायबेटिस होतो आणि मग घरचे म्हणतात "अहो पण हे तर किती बारीक आहेत!"

खरं तर मराठीला हे आधीच कळलेलं आहे, आपण 'अंगाने भरलाय' वेगळं म्हणतो आणि 'पोट सुटलंय' वेगळं म्हणतो. तक्ता आला आणि आपण हा फरक विसरलो.

देशभरच्या आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या सर्व्हेत (२०२३ ला छापून आला) बीएमआयने लठ्ठ २८.६ टक्के निघाले आणि कंबरेच्या मापाने ३९.५ टक्के. मधली जी माणसं आहेत ना, तीच ग्रुपवर अंगठे टाकत असतात. बीएमआय टाकाऊ आहे असं नाही हं, हजारो लोकांचा सर्व्हे करायला स्वस्त आणि सोपा आहे, पण तुमच्या एकट्याच्या पोटाचा निकाल त्याच्यावर लावू नका.

टेपचे आकडे सोपे आहेत, कंबर मोजायची: पुरुष ९० सेंटीमीटर आणि बायका ८० सेंटीमीटर, त्याच्या पुढे गेलात की गडबड. किंवा अजून सोपं, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. (लहान मुलं आणि गरोदर बायकांना हे आकडे लावू नका, आणि टेपलाही कातडीखालची चरबी आणि आतली चरबी वेगळी कळत नाही, पण काट्यापेक्षा बरीच बरी.)

आणि कृपा करून पँटचा नंबर सांगू नका!! हा माझा सगळ्यात मोठा राग. शेजारचे काका म्हणाले, "माझी कंबर ३४." ३४ इंच म्हणजे ८६ सेंटीमीटर, पास. पण काकांची पँट ढेरीच्या खाली असते, ढेरी वरून बाहेर आलेली. माप घ्यायचं ते शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, टेप आडवी सरळ, शर्ट वर करून, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर.

काका १७० सेंटीमीटर, ६४ किलो, म्हणजे बीएमआय २२.१. टेप लावली, त्यांनी पोट आत ओढलं, ९१. म्हटलं काका श्वास सोडा. ९६.

"परत घे," म्हणाले. परत घेतलं, ९६ च.