रात्रीतून उतरणारी बॅटरी

रात्री व्यवस्थित चाललेली गाडी सकाळी सेल्फ मारताच नुसती ‘टक्’ करून गप्प होते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून ती चालू केली, तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी थेट नवी बॅटरी घेण्याआधी जुनी बॅटरी वीज धरत नाही, तिला वीज पोचत नाही, की बंद गाडीत काहीतरी ती वीज खात आहे, हे ठरवावे. त्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो.

गाडीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल असलेले सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून रात्रभर विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी उरली. इंजिन चालू असताना आकडा साधारण १४ पर्यंत चढलाच पाहिजे. तो १२.५ वरच घुटमळत असेल, तर आल्टरनेटर (चालत्या इंजिनावर वीज बनवून बॅटरी भरणारे यंत्र), त्याचा पट्टा किंवा पांढरी बुरशी धरलेले टर्मिनल तपासावे. उलट, भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बहुधा तिचेच आयुष्य संपले आहे.

खरी चिकाटी लागते ती चोर शोधताना. बॅटरीची ऋण वायर काढून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या जागी जोडावा, दारे बंद करून अर्धा तास थांबावे (मध्येच किल्ली फिरवली, तर मीटरचा फ्यूज उडालाच समजा). घड्याळ, अलार्म वगैरे मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतात, ते क्षम्य आहे. पण डिक्कीतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला, तर तो ४०० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास ओढतो आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत सेल्फ फिरवण्याच्या लायकीची राहत नाही. शिवाय उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यास पट्ट्यांवरचे लेड सल्फेट घट्ट होते आणि चांगली बॅटरीही कायमची दुबळी होते. झाकण लावल्यावर दिवा विझतो का, हे मोबाइलचा कॅमेरा चालू करून डिक्कीत ठेवला की कळते.

दिवा निर्दोष निघाल्यास एकेक फ्यूज काढत मीटरकडे पाहावे; ज्याच्यासरशी आकडा घसरतो, त्या फ्यूजवरच्या वायरिंगमध्ये दोष असतो. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर संशय आल्टरनेटरच्या डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) जातो, कारण आल्टरनेटरची जाड वायर फ्यूजपेटीला वळसा घालून बॅटरीला मिळते. असा डायोड बराच गळत असेल, तर सकाळी इंजिन गार असतानाही आल्टरनेटर हाताला कोमट लागू शकतो.