हॉर्न्सबी सर्वांत मोठा बॅटर, मॉर्गन सर्वांत मोठा सेकंड बेसमन

बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या दुसऱ्या टप्प्यापाशी, उभा राहणारा फिल्डर) कोण, हा विषय निघाला की कोणीतरी लगेच रॉजर्स हॉर्न्सबीचं नाव घेतं, ०.३५८ हा त्याच्या बॅटिंग सरासरीचा आकडा पुढे करतं आणि वाद संपला असं धरून चालतं. आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. सेकंड बेसवर खेळलेला सर्वांत मोठा बॅटर कोण? हॉर्न्सबी, आणि त्यात वादाला जागाच नाही. सर्वांत मोठा सेकंड बेसमन कोण? माझं उत्तर जो मॉर्गन. हे दोन प्रश्न इतकी वर्षं एकाच दाव्याला बांधले गेलेत की ते सोडवून दाखवायला कोणी बसतच नाही.

हॉर्न्सबीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण या वादात उतरणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ असतो. १९२० ते १९२५ सलग सहा वर्षं नॅशनल लीगमधली (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) सर्वाधिक सरासरी त्याची. १९२४ साली ०.४२४. १९२२ आणि १९२५ अशा दोन वर्षी ट्रिपल क्राउन, म्हणजे सरासरी, होम रन आणि आपल्या फटक्यावर आणलेल्या धावा या तिन्हींत पहिला. कारकिर्दीत ३०१ होम रन. १९२६ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सचा खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही भूमिकांत त्याने वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली. उजव्या हाताने खेळणारा त्याच्या तोडीचा बॅटर आजवर झालेला नाही, असं मी मानतो.

सरासरीबद्दल एक खुलासा करून पुढे जाऊ. क्रिकेट बघत वाढलेल्यांना सरासरी म्हणजे धावा भागिले बाद होणं एवढंच माहीत असतं. बेसबॉलमध्ये हिट (बेसवर पोहोचवणारा फटका) भागिले अॅट-बॅट (बॅटिंगची मोजली जाणारी वेळ) असा हिशेब होतो आणि वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा फुकटचा पहिला बेस) मिळून बेसवर गेलेल्या वेळा त्यात धरतच नाहीत. मॉर्गनची सरासरी ०.२७१ पाहून नाक मुरडणाऱ्यांनी त्याचे १,८६५ वॉक पाहावेत. ते धरले की तो ०.३९२ या प्रमाणात बेसवर पोहोचलेला दिसतो. हॉर्न्सबीचं हेच प्रमाण ०.४३४ आहे, म्हणजे इथेही तोच पुढे. पण हा फरक सरासरीतल्या फरकाच्या निम्म्याहून कमी आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता खरी मेख. सेकंड बेसमन ही एक जागा आहे, आणि त्या जागेचं एक काम आहे. ते काम किती अवघड आणि किती धोक्याचं आहे, हे न बघता यादी करणाऱ्यांचा मला राग येतो.

पहिल्या बेसवर रनर आहे, एकच आउट झालाय आणि चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरकडे) गेला. डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट) हवा असेल तर शॉर्टस्टॉप तो सेकंड बेसकडे टाकणार, तिथे पहिला आउट होणार आणि तिथून चेंडू पहिल्या बेसवर जाऊन दुसरा. बॅटरला पहिल्या बेसपर्यंत पोहोचायला चार-सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हे सगळं आटपायचं. सेकंड बेसमन आपल्या जागेवरून धावत बेसवर येतो तेव्हा त्याचं तोंड शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे तिसऱ्या बेसच्या बाजूला असतं. पहिल्या बेसवरून सुटलेला रनर त्याच्या पाठीमागून येत असतो आणि याला तो दिसत नाही. चेंडू घ्यायचा, बेसला पाय लावायचा, धावण्याच्या जोराच्या उलट दिशेला अंग वळवायचं आणि फेकायचं. शॉर्टस्टॉपला हेच काम करावं लागतं तेव्हा तो बहुतेक वेळा पहिल्या बेसकडे तोंड करूनच येतो, त्यामुळे रनर त्याला समोर दिसतो. सेकंड बेसमनच्या नशिबी हे नाही. या वळण्याला पिव्होट म्हणतात, आणि मुद्दाम अंगावर घसरत येणाऱ्या रनरमुळे किती सेकंड बेसमनचे गुडघे आणि घोटे गेले, याला गणती नाही.

मॉर्गनचा गुडघा असाच गेला. १९६८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाचा टॉमी एजी सेकंड बेसवर त्याच्यावर येऊन आदळला आणि ह्यूस्टनकडून खेळणाऱ्या मॉर्गनचा जवळजवळ सगळा मोसम वाया गेला. २०१५ च्या प्लेऑफमध्ये डॉजर्सच्या चेस अटलीने घसरत येऊन मेट्सच्या रूबेन तेहादाचा पाय मोडला. तेहादा शॉर्टस्टॉप होता, पण त्या वेळी तोही रनरकडे पाठ असतानाच वळत होता. पुढच्याच वर्षी लीगने नियम बदलला: रनरने बेससाठीच घसरायला हवं, फिल्डरसाठी नाही. मॉर्गन, एडी कॉलिन्स, बिल मॅझरोस्की हे सगळे हा नियम येण्याआधी खेळले. २००० च्या वर सामने त्या जागेवर उभं राहणं तेव्हा काय होतं, हे यादी करताना आठवायला हवं.

क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाची गोष्ट अगदी अशीच आहे. कुमार संगकाराची कसोटीतली सरासरी ५७.४०. पण ग्लोव्हज घालून खेळलेल्या ४८ कसोट्यांत ती ४० च्या आसपास आहे, आणि ग्लोव्हज उतरवल्यावरच्या ८६ कसोट्यांत ६६ च्या वर. पूर्ण ५७ दाखवून त्याला सर्वांत मोठा यष्टिरक्षक ठरवलं, तर क्रिकेट कळणारा कोणीही लगेच अडवेल. बेसबॉलच्या वादात मात्र हेच बिनदिक्कत चालतं.

हॉर्न्सबी कायमचा सेकंड बेसवर आला १९२० मध्ये. त्याआधी तो शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसवर खेळत होता. १९३० मध्ये घोटा मोडला आणि त्यानंतर एकदाच, १९३१ मध्ये, त्याने मोसमात १०० सामने गाठले. सेकंड बेसवरचे त्याचे एकूण सामने दीड हजारांच्या थोडे वर भरतात. मॉर्गनचे अडीच हजारांवर आहेत. पिव्होटवर हॉर्न्सबी कच्चा नव्हता, हे मान्य करायलाच हवं. पण डोक्यावरून मागे जाणारे उंच चेंडू त्याला पकडता येत नसत, ही त्याच्या काळातच सगळ्यांना माहीत असलेली उणीव होती. मॉर्गनने १९७३ ते १९७७ सलग पाच गोल्ड ग्लव्ह (आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम फिल्डरचा पुरस्कार) घेतले.

आणि बॅटिंगमध्येही मॉर्गन लंगडा नव्हता. १९७५ मध्ये सरासरी ०.३२७, बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ०.४६६, १३२ वॉक आणि ६७ चोरलेले बेस (चेंडू टाकला जात असताना धावून गाठलेले), त्यासाठी पकडला गेला फक्त १० वेळा. १९७६ मध्ये २७ होम रन, १११ आरबीआय (त्याच्या फटक्यावर आलेल्या धावा) आणि ६० बेस. दोन्ही वर्षी एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) तोच, दोन्ही वर्षी सिनसिनाटी रेड्स विजेते. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये रेड सॉक्सविरुद्ध सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमधली निर्णायक हिटही त्याचीच. कारकिर्दीत ६८९ बेस चोरले, २६८ होम रन मारले. हॉर्न्सबीच्या नावावर १३५ बेस आहेत. पाच फूट सात इंचांचा हा माणूस आउट न होता बेसवर जाई, तिथून पुढचा बेस चोरी आणि पुढच्या इनिंगमध्ये मैदानात येऊन डबल प्ले वळवी. पूर्ण सेकंड बेसमन मी याला म्हणतो.

काळाचा हिशेबही करा. हॉर्न्सबी ऐन भरात होता तेव्हा धावांचा पूर आलेला होता. १९३० मध्ये तर अख्ख्या नॅशनल लीगची मिळून सरासरी ०.३०३ होती. मॉर्गन उभा राहिला तो पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) जमान्यात. १९६८ मध्ये दोन्ही लीगची सरासरी ०.२३७ वर आली होती. शिवाय हॉर्न्सबीच्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना दारच बंद होतं. त्याला सर्वोत्तम पिचरांपैकी कित्येकांचा सामना करावाच लागला नाही. यात त्याच्या हातांचा दोष नाही, पण तुलना करताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

मॉर्गनच्या पहिल्या क्रमांकाला खरा धोका आहे तो एडी कॉलिन्सकडून. ३,३०० च्या वर हिट, ०.३३३ सरासरी, सेकंड बेसवर २,६५० सामने, म्हणजे या जागेवरचा विक्रम. १९१९ च्या व्हाइट सॉक्समध्ये तो होता. त्या संघातल्या काहींनी पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरली, पण त्या लाचखोरीचा डाग त्याच्यावर नाही. मी त्याला दुसरा ठेवतो, केवळ त्या बंद दारामुळे. हॉर्न्सबी तिसरा.

बाकीचे गोंधळ लवकर उरकतो. रॉड कॅर्यूला या यादीत वर बसवू नका. तो सेकंडपेक्षा फर्स्ट बेसवर जास्त खेळला आणि १९७७ चा त्याचा एमव्हीपी फर्स्ट बेसमनचा आहे. जेफ केंटने सेकंड बेसमन म्हणून सर्वाधिक होम रन मारले, हा विक्रम मोठाच, पण तोही बॅटरच्याच प्रश्नाचं उत्तर. जॅकी रॉबिन्सनला आदरापोटी पहिला क्रमांक देणारे मला भेटतात. वर्णभेदामुळे तो मेजर लीगमध्ये आलाच २८ व्या वर्षी, आणि सेकंड बेस त्याची नेहमीची जागा होती ती १९४८ ते १९५२ एवढीच. त्याचं मोठेपण या यादीवर अवलंबून नाही.

उलट बाजूची चूकही होते. मॅझरोस्कीइतका चांगला पिव्होट कोणाचाच नव्हता. १,७०६ डबल प्ले हा सेकंड बेसमनचा विक्रम आजही त्याचा. १९६० ची वर्ल्ड सिरीज त्याच्या होम रनने संपली. पण ०.२६० सरासरी आणि फारच थोडे वॉक घेऊन त्याला पहिल्या दहात आणता येत नाही.

२००१ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या सन्मानदालनात) घेतलं. त्याच वर्षी डेट्रॉइटचा लू व्हिटेकर मतपत्रिकेवर पहिल्यांदा आला आणि २.९ टक्के मतं मिळून त्या मतपत्रिकेतून कायमचा बाहेर पडला. व्हिटेकरचे २,३६९ हिट, २४४ होम रन, तीन गोल्ड ग्लव्ह आणि जवळपास बाराशे वॉक आहेत. त्याच्या शेजारी १,९१८ सामने खेळलेला शॉर्टस्टॉप अॅलन ट्रॅमल २०१८ मध्ये आत गेला. ज्या जोडीने मिळून डबल प्ले वळवले, तिच्यातला एकच कूपर्सटाउनमध्ये, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये, आहे. डेट्रॉइटने २०२२ मध्ये व्हिटेकरचा एक नंबरचा शर्ट निवृत्त केला. हॉल ऑफ फेमच्या समितीने त्याला आता आणखी ताटकळत ठेवू नये.